मधुमेहाचे डॉक्टर : पाटीवरची अक्षरे कशी वाचावीत?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये औषधांपेक्षा डॉक्टरांविषयीचे प्रश्न अधिक आहेत. कोणाची पदवी कोणती, तिचा अर्थ काय, कोणाकडे कशासाठी जावे, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असून त्यांतले बहुतेक मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांशी, म्हणजेच एंडोक्रायनॉलॉजीशी, निगडित आहेत. म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे गाळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून गेली चार वर्षे मला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेतो आणि साखर आटोक्यात आहे. आमच्या शहरात तीन दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘मधुमेहतज्ज्ञ’ असे लिहिले आहे. एका पाटीवर एमबीबीएस, डी. डायब. अशी अक्षरे आहेत, दुसरीवर एम.डी. मेडिसीन आणि तिसरीवर एम.डी., डी.एम. एंडोक्रायनॉलॉजी, शिवाय पुढे आणखी पाच-सहा अक्षरसमूह. तिघेही तज्ज्ञ कसे असू शकतात? मी कोणाकडे जावे? (कराड)

उत्तर : ‘मधुमेहतज्ज्ञ’ या नावाची एकच एक पदवी नाही. डॉक्टर प्रामुख्याने कोणते काम करतात याचे ते वर्णन आहे आणि निरनिराळ्या वाटांनी आलेले डॉक्टर ते वापरतात, त्यामुळे तुमचा गोंधळ साहजिक आहे. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. त्यानंतर मेडिसीन या विषयातली एम.डी. किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी. ही तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून वॉर्डात काढावी लागतात, आणि त्या काळात रक्तात आम्ल साचून अर्धवट शुद्धीत आणलेला तरुण, साखर एकाएकी उतरल्याने घामाघूम झालेल्या आजीबाई, पायाची जखम चिघळलेला शेतकरी असे रुग्ण त्यांच्यासमोर रोज येतात. त्यामुळे केवळ मेडिसीनची एम.डी. असलेला डॉक्टर मधुमेहाच्या बाबतीत उणा असतो ही समजूत मला पटत नाही. डी.एम. हे त्यापुढचे तीन वर्षांचे अतिविशेष शिक्षण होय. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी ही पदवी त्याच पायरीवरची आहे. डी. डायब. ही मात्र एमबीबीएसनंतर करता येणारी पदविका आहे. तिच्यात मधुमेहावर भर असतो, परंतु हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांसह संपूर्ण मेडिसीनचे जे शिक्षण एम.डी.ला मिळते, ते तिच्यात नसते.

तिन्ही पाट्यांवर एकच शब्द येण्यामागे थोडा इतिहासही आहे. डॉ. एम. विश्वनाथन यांनी मद्रासच्या स्टॅन्ले रुग्णालयात मधुमेहाचा स्वतंत्र विभाग १९४८ मध्ये सुरू केला, आणि मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया १९५५ मध्ये स्थापन झाली, जिच्या उभारणीत डॉ. एस. एस. आजगावकर यांचा मोठा वाटा होता. त्या पिढीने रुग्ण पाहत पाहत हा विषय उभा केला. एंडोक्रायनॉलॉजीचे डी.एम. घेऊन येणारे डॉक्टर आपल्या गावांपर्यंत पोहोचले ते पुष्कळ नंतर. म्हणून मेडिसीनचे शिक्षण आणि मधुमेहाचा दीर्घ अनुभव या बळावर तज्ज्ञ ठरलेल्यांची परंपरा जुनी आणि प्रतिष्ठित आहे, आणि औपचारिक अतिविशेष पदवी घेतलेल्यांची परंपरा तिच्यानंतरची आहे. एकच शब्द दोघांनाही लावला जातो.

तिसऱ्या पाटीवरच्या उरलेल्या अक्षरांविषयी. एफ.आर.सी.पी. किंवा अमेरिकेतली एफ.ए.सी.ई. या फेलोशिप म्हणजे व्यावसायिक संस्थांनी दिलेला मान असतो. त्या मिळवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेले असतेच असे नाही. एखाद्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेचे सदस्यत्व तर बहुधा वर्गणी भरून मिळते. यात गैर काही नाही, पण ही अक्षरे डी.एम.च्या रांगेत बसवून वाचू नयेत. आणखी एक प्रकार प्रमाणपत्रांचा. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि चेन्नईच्या डॉ. मोहन यांची संस्था मिळून २०१० पासून एक वर्षभराचा अभ्यासक्रम चालवतात, ज्यात महिन्यातून एकदा वर्ग भरतो. तो मुख्यतः सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांसाठी आखलेला आहे. फॅमिली डॉक्टरांच्या हातून होणारे मधुमेहाचे उपचार अशा अभ्यासक्रमांनी सुधारतात असे माझे मत आहे. तरीही तेवढ्यावर कोणी स्वतःला विशेषज्ञ म्हणवू लागला तर ते योग्य नव्हे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की त्या शाखेतली विशेष अर्हता असल्याखेरीज डॉक्टराने विशेषज्ञ असल्याचा दावा करू नये.

‘एम.डी.’ ही दोन अक्षरेसुद्धा नेहमी एकच गोष्ट सांगत नाहीत. आयुर्वेदातही एम.डी. असते. रशियासारख्या देशांत मिळणारी एम.डी. ही तिथली पहिलीच वैद्यकीय पदवी, म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागी असणारी. म्हणून अक्षरांपुढे विषयाचे नाव आहे का, हे पाहावे.

तुम्ही जी स्थिती वर्णिली आहे, तिच्यात तिन्ही पाट्यांपैकी कोणाचाही दवाखाना चालेल. मी तुमच्या जागी असतो तर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनाची तपासणी, आणि प्रत्येक वर्षी मोजे काढायला लावून पायांची पाहणी, एवढे न चुकता करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो असतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई ५६ वर्षांच्या आहेत. गेल्या दीड वर्षात त्यांना रक्तदाब आणि मधुमेह असे दोन्ही एकदम सुरू झाले. चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसतो, हातपाय मात्र बारीक झाले आहेत, थोडे लागले तरी काळेनिळे डाग पडतात आणि खाली बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, पुण्याला एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवा. मधुमेहाचे डॉक्टर इथे असताना ग्रंथींच्या डॉक्टरांकडे कशासाठी जायचे? गुडघेदुखीसाठी त्या दोन वर्षांपासून एका वैदूकडची पुडी घेतात, तिने त्यांना चांगला आराम पडतो. (बार्शी)

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सुचवले आहे, आणि डी.एम.च्या त्या जास्तीच्या तीन वर्षांत काय शिकवले जाते याचे उत्तर तुमच्या पत्रातच आले आहे. शरीरात संप्रेरके सोडणाऱ्या अनेक ग्रंथी आहेत : मेंदूच्या तळाशी पियुषिका, गळ्यात थायरॉइड आणि तिला चिकटलेल्या पॅराथायरॉइड, मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क, शिवाय स्वादुपिंड आणि जननग्रंथी. मधुमेह हा या विषयातला सर्वांत मोठा भाग असला तरी तो एक भाग आहे. काही रुग्णांत वाढलेली साखर ही दुसऱ्याच ग्रंथीच्या बिघाडाची खूण असते. कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक जास्त झाल्याने होणारा कुशिंगचा विकार, वाढीचे संप्रेरक जास्त झाल्याने हात, पाय आणि जबडा मोठा होणारा ॲक्रोमेगॅली, अशा आजारांत साखरेच्या गोळ्या वाढवत नेल्या तरी मूळ दुखणे जागच्या जागी राहते.

एंडोक्रायनॉलॉजीच्या प्रशिक्षणात असे दुर्मीळ विकार वारंवार पाहायला मिळतात. मुंबईचे के.ई.एम., दिल्लीचे एम्स किंवा चंडीगडची पी.जी.आय. यांसारख्या मोठ्या संस्थांमध्ये दुरून दुरून असे रुग्ण येतात. एका जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरला वर्षांमागून वर्षे दिसणार नाहीत असे आजार तिथल्या निवासी डॉक्टरांना दर महिन्याला पाहायला मिळतात. दुसरे म्हणजे ग्रंथींना डिवचून किंवा दाबून त्या कशा वागतात हे पाहणाऱ्या चाचण्या. रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथाझोन या स्टिरॉइडची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्तातले कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी माणसात ते दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरते. उतरले नाही तर शोध पुढे चालू ठेवतात. सतत लघवी होणाऱ्या रुग्णाला तासन्‌तास पाणी न देता त्याचे वजन आणि लघवीची तीव्रता मोजत बसण्याची चाचणी असते, आणि ती डॉक्टरच्या नजरेखालीच करावी लागते. पियुषिकेतून येणाऱ्या शिरांमधले रक्त घेऊन दोष नेमका तिथेच आहे का हे ठरवण्याची पद्धतही असते. आकडा मोजण्यापेक्षा तो आकडा कोणत्या वेळी, कोणते औषध चालू असताना, कोणत्या पद्धतीने मोजला हे ताडणे या शाखेत अवघड असते, आणि त्यासाठी सराव लागतो.

आता ती पुडी. सांधेदुखीवर झटपट आराम देणाऱ्या बेनामी पुड्यांमध्ये कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे स्टिरॉइड मिसळलेले आढळते, आणि बाहेरून घेतलेले स्टिरॉइड हे कुशिंगच्या लक्षणांचे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. असे असेल तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते : चेहरा आणि शरीर कॉर्टिसॉल जास्त असल्याची सगळी चिन्हे दाखवतात, आणि सकाळच्या रक्तात ते अगदी कमी सापडते, कारण बाहेरून रसद येत असल्याने अधिवृक्क ग्रंथींनी आपले काम थांबवलेले असते. याच कारणाने ती पुडी तुम्ही घरच्या घरी एकाएकी बंद करू नका. निजलेल्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या बरोबर घेऊन लवकरात लवकर पुण्याला जा आणि डॉक्टरांनी न विचारता त्या त्यांच्यासमोर ठेवा. त्याआधी उलट्या, चक्कर किंवा ग्लानी आली तर पुण्याची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्या आणि तिथेही पुडीबद्दल आधी सांगा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप वन मधुमेह झाला आहे आणि इन्सुलिन सुरू आहे. इथले बालरोगतज्ज्ञ आमची आपुलकीने काळजी घेतात, पण त्यांनीच मुंबई किंवा पुण्याला बालकांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवून यायला सांगितले. मोठ्यांचे मधुमेहतज्ज्ञ इथे आहेत, ते चालणार नाहीत का? (रत्नागिरी)

उत्तर : अडीअडचणीला चालतील, कायमचे म्हणून मी सुचवणार नाही. बालकांचे अंतःस्रावतज्ज्ञ आधी बालरोगशास्त्रातले एम.डी. किंवा डीएनबी असतात आणि मग काही जण डी.एम. करतात तर काही जण नावाजलेल्या केंद्रात फेलोशिप घेतात. ही शाखा अजून वयाने लहान असल्याने इथे फेलोशिपला मोल आहे. मुलाचा डोस त्याच्या वजनाबरोबर बदलतो, वयात येताना पुन्हा बदलतो, शाळेतल्या खेळाच्या तासाला वेगळा लागतो. प्रत्येक भेटीत उंची मोजून आलेखावर टिपावी लागते आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावे लागते, कारण टाइप वन असलेल्या मुलांत थायरॉइडचा विकार सोबत येण्याचा संभव अधिक असतो. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्वतः पुढे पाठवले, यावरून ते चांगले डॉक्टर आहेत हे दिसते. त्यांना सोडू नका. दर तीन महिन्यांनी शहरात आणि मधल्या काळात त्यांच्याकडे, अशी व्यवस्था लावून घ्या. शहरातल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात : तुमच्याकडे टाइप वनची किती मुले नियमित येतात, इन्सुलिन आणि आहार समजावून सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती दवाखान्यात आहे का, आणि मूल रात्री उलट्या करू लागले तर फोन कोण घेणार. या तीन उत्तरांवरून तुम्हाला भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा जास्त कळेल. एक गोष्ट मात्र कोणी कितीही आश्वासन दिले तरी करू नये : इन्सुलिन बंद करून दुसरा उपचार करून पाहणे.

प्रश्न : माझे आईवडील नाशिकला असतात. वडील ज्यांच्याकडे जातात ते डॉक्टर इंग्लंडहून परत आले आहेत आणि त्यांच्या कागदावर एम.आर.सी.पी. व सी.सी.टी. असे लिहिले आहे, डी.एम. मात्र नाही. मी स्वतः इंग्लंडमध्ये राहतो, तरी मला याचा नीट उलगडा होत नाही. (लेस्टर)

उत्तर : एम.आर.सी.पी. ही तीन भागांची कठीण परीक्षा आहे, दोन लेखी आणि एक प्रत्यक्ष रुग्णतपासणीची. परंतु तिथल्या व्यवस्थेत ती विशेष प्रशिक्षणाच्या उंबरठ्यावर उत्तीर्ण व्हावी लागते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून डॉक्टरने मधुमेहाचे विशेष प्रशिक्षण घेतले असे म्हणता येत नाही. सी.सी.टी. हे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र होय, आणि एंडोक्रायनॉलॉजी व मधुमेह या शाखेत ते मिळवायला त्यापुढची कित्येक वर्षे रुग्णालयात घालवावी लागतात. तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांचे सी.सी.टी. याच शाखेतले असेल तर त्यांचे शिक्षण डी.एम.पेक्षा कमी समजण्याचे कारण नाही. तुम्ही तिथेच असल्यामुळे जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत त्यांचे नाव घरबसल्या पाहू शकता. विशेषज्ञ म्हणून नोंद झाली असल्यास शाखेसकट दिसते. अमेरिकेतून येणाऱ्यांच्या बाबतीत इंटर्नल मेडिसीनची तीन वर्षे आणि त्यावर एंडोक्रायनॉलॉजीच्या फेलोशिपची साधारण दोन वर्षे, आणि दोन्हींची बोर्डाची परीक्षा, असा क्रम असतो. ऑब्झर्व्हरशिप हा शब्द दिसला तर मात्र त्याचा अर्थ केवळ पाहुणा म्हणून उभे राहून काम पाहणे एवढाच घ्यावा, कारण त्यात रुग्णाची जबाबदारी अंगावर नसते.

प्रश्न : देशात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात असल्याचे वाचले. आमच्या डॉक्टरांच्या माहितीपत्रकात चाळीस शोधनिबंधांचा उल्लेख आहे. रुग्णाला त्याचा काय उपयोग? (मडगाव)

उत्तर : तुम्ही वाचलेला आकडा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या पाहणीतला आहे. तिचे देशव्यापी निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार गोव्यातले प्रमाण २६.४ टक्के आणि संपूर्ण देशाचे ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसे. आता शोधनिबंधांविषयी. चांगला संशोधक चांगला चिकित्सक असेलच असे नाही, आणि चाळीस ही संख्या सांगणाऱ्याला त्यांतला एक तरी निबंध दोन वाक्यांत समजावून सांगता आला पाहिजे. पण संशोधनाची पार्श्वभूमी खरी असेल तर ती दवाखान्यात उतरते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ज्या डॉक्टरने हे काम समजून घेतले आहे, तो ‘मी तर काटकुळा, मला कसला मधुमेह’ म्हणणाऱ्या माणसाचीही साखर तपासतो आणि वजनकाट्याबरोबर कमरेला टेपही लावतो.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एंडोक्रायनॉलॉजी करावे असे वाटते, पण घरचे म्हणतात की यात शस्त्रक्रिया नाही, आयुष्य शिकण्यातच जाईल. (लातूर)

उत्तर : घरच्यांचा हिशेब चुकीचा नाही. साडेपाच अधिक तीन अधिक तीन मिळून साडेअकरा वर्षे होतात. मध्ये पदव्युत्तर आणि अतिविशेष अशा दोन प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा काळ आणि सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास बंधपत्रित सेवा धरली, तर बारावीनंतर स्वतःचा दवाखाना उघडेपर्यंत तिशी उलटते. हृदयरोगाच्या किंवा पचनसंस्थेच्या शाखेत हातांनी करायच्या प्रक्रिया असतात, तशा इथे फारशा नाहीत. एकाच रुग्णाशी तेच बोलणे वीस वर्षे न कंटाळता करावे लागते. ते आवडत असेल आणि कोडी सोडवण्याची हौस असेल तर अवश्य करा. आधी मेडिसीन मन लावून शिका, निर्णय त्यानंतर घेता येईल. इन्सुलिनच्या शोधासाठी १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेडरिक बँटिंग हे हाडांचे शल्यविशारद होते, हेही जाता जाता घरच्यांना सांगायला हरकत नाही.

प्रश्न : डॉक्टरांना ‘तुमची पदवी खरी आहे का’ असे तोंडावर विचारणे बरे दिसत नाही. मग खात्री कशी करावी? (ठाणे)

उत्तर : विचारण्याची गरजच पडू नये, अशी व्यवस्था नियमांत आहे. वर उल्लेख केलेल्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर व पावतीवरही छापायचा असतो. आधुनिक वैद्यकातल्या डॉक्टरांची आपल्या राज्यातली नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते, तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून नोंद पाहता येते. तिथे मूळ पदवी दिसली पण पाटीवरची पुढची पदवी दिसली नाही, तर लगेच संशय घेऊ नये. पुष्कळ डॉक्टर नवी पदवी नोंदवण्यात हयगय करतात. मग पुढच्या भेटीत ‘डॉक्टर, आपण एंडोक्रायनॉलॉजी कुठून केलेत?’ एवढे सहज विचारावे. साडेअकरा वर्षे घालवलेल्या माणसाला आपल्या कॉलेजविषयी बोलायला आवडते, आणि बहुधा तुम्हालाच बाहेरच्या रांगेची आठवण करून द्यावी लागेल.